बोलपटाचा मूकपट

आमच्या तीर्थरूपांना जाऊन त्या वेळीं एक वर्ष झालें होतें. वर्षश्राद्धाचा स्वयंपाक मातोश्रींनीं स्वतः उभ्या राहून करविला. खीर, वडे, आमसुलाची चटणी यांच्या जोडीला श्राद्धाच्या पानावर कारल्याची भाजी असावी लागते, आणि ती तर त्यांनीं मुद्दाम अधिक करावयास लाविली. कारण, त्यांच्या म्हणण्याप्रमाणें, ती अण्णांच्या विशेष आवडीची. जेवणें आटोपल्यावर ठाण्याहून आलेल्या आमच्या भाच्यानें खिशांतून अंगठ्याएवढी एक वस्तु काढून त्यांच्या हातावर ठेविली व म्हटलें, "आजी, यांत आजोबांच्या पंचाहत्तरीचा समारंभ आहे. सबंध. टीव्हीच्या डब्याला लावलीस कीं दिसेल." मातोश्रींनीं ती वस्तु उलटसुलट करून पाहिली आणि देवघरांत पळी-पंचपात्राच्या शेजारीं नेऊन ठेविली. पेनड्राइव्ह नांवाच्या यंत्राची ती जागा नव्हे हें खरें. परंतु त्यांत अण्णा आहेत असें कळल्यावर दुसरी जागा त्यांना सुचण्यासारखी नव्हती.

हा समारंभ २०११ च्या नोव्हेंबरांत डोंबिवलीस फडके रोडजवळच्या एका लहानशा सभागृहांत झाला होता. अण्णांची सारी हयात मुंबईच्या एका कचेरींत गेली. किंवा खरें सांगावयाचें तर अर्धी कचेरींत आणि अर्धी गाडींत गेली. ३४ वर्षें सकाळची एकच गाडी, तिचा एकच डबा, आणि त्या डब्यांतील तीच मंडळी! त्यामुळें जमलेल्या साठ-सत्तर माणसांत आप्तांपेक्षां गाडीच्या सोबत्यांचाच भरणा अधिक होता. शाल-श्रीफळ झालें आणि अण्णा उत्तरादाखल बोलावयास उभे राहिले, तेव्हां मातोश्री मागच्या खोलींत बटाटेवड्यांची मोजदाद करीत होत्या. कारण पाहुणे अंदाजाहून वीस अधिक आले होते. आम्ही स्वतः एका थकलेल्या गृहस्थांना रिक्षांत बसवून देण्यासाठीं खालीं गेलों होतों. जिना चढतांना आंत हंशाचा मोठा कल्लोळ ऐकूं आला. वर पोंचतों तों भाषण संपलेलें. पुढें आम्ही अनेकांना विचारून पाहिलें. "अण्णांनीं घरीं सांगूं नका म्हणून बजावलें आहे," यापलीकडे उत्तर मिळालें नाहीं. साठ-सत्तर माणसांनीं एक गुपित इतकीं वर्षें सांभाळावें, हें आमच्या गांवाच्या लौकिकास धरून आहे कीं नाहीं हें डोंबिवलीकरांनींच ठरवावें. अण्णांना विचारलें तर ते म्हणत, "भाषणांत सांगण्यासारखं काय असतं?" सगळें टिपलें होतें तें एकट्या भाच्याच्या कॅमेऱ्यानें, आणि तें त्याच्या संगणकांत चार वर्षें तसेंच पडून होतें.

आतां ज्या पेटीला ती वस्तु लावावयाची, त्या पेटीविषयीं. ती आमच्या घरीं आमच्या इच्छेनें आलेली नव्हती. केबलवरील वाहिन्या यापुढें अंकरूप पद्धतीनें, प्रत्येक घरीं पेटी बसवूनच दाखवाव्या असा कायदा २०११ सालीं झाला. पहिल्या टप्प्यांत मुंबईसह चार महानगरें २०१२ च्या अखेरीस त्याच्या कक्षेंत आलीं. दुसऱ्या टप्प्यांत ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ ही मुदत मिळाली. त्या ३८ शहरांत ठाणेंही होतें आणि कल्याण-डोंबिवलीही होती. पांच महिन्यांच्या अंतरानें का होईना, सरकारनें आम्हांला मुंबईच्या पंक्तीस बसविलें याचा जो काय अभिमान वाटला असेल, तो पेटीचे पैसे मोजतांना ओसरला. हिचें इंग्रजी नांव 'सेट-टॉप बॉक्स'. म्हणजे संचाच्या माथ्यावर ठेवावयाची पेटी. परंतु टीव्हीचे संच सपाट होऊन त्यांना माथाच उरला नाहीं, तेव्हांपासून ती बिचारी पायथ्याशीं बसते. मातोश्री तिला 'डबा' म्हणतात, आणि वापरून पाहिल्यावर तेंच नांव आम्हांला अधिक योग्य वाटूं लागलें आहे.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही तो पेनड्राइव्ह डब्याच्या मागील खांचेंत बसविला. पडद्यावर फुलांच्या माळा दिसल्या, खुर्च्या दिसल्या, आणि कॅमेरा जरा डावीकडे सरकतांच शाल पांघरलेले अण्णा दिसले. मातोश्री पाटावरून उठून खुर्चीवर येऊन बसल्या. घड्याळांत आठ वाजून गेले होते. आमची गाडी ८।। च्या सुमाराची. चित्र आलें एवढें पाहून आम्ही पायांत चपला घातल्या आणि निघालों. पांच मिनिटें थांबलों असतों तर पुढची गाडी मिळाली असती, हें आतां सुचतें.

संध्याकाळीं परत आल्यावर विचारलें, "काय आई, पाहिलंस?"

"पाहिलं रे. सबंध पाहिलं."

"मग, काय म्हणाले अण्णा?"

त्या क्षणभर थांबल्या. "छान बोलले," त्या म्हणाल्या, आणि ताटें घ्यावयास उठल्या.

पुढच्या रविवारीं दुपारीं सारें घर पडद्यापुढें जमलें. अण्णा उभे राहिले, त्यांनीं हात जोडले, चष्मा सारखा केला, ओंठ हालूं लागले. आणि खोलींत पंख्याचा आवाज तेवढा ऐकूं येत राहिला. प्रथम सर्वांनीं एकमेकांकडे पाहिलें. मग चिरंजीवांनीं रिमोटवरील आवाजाची कळ दाबली, आमच्या कुटुंबानें तीच कळ अधिक जोरानें दाबली, आणि शेवटीं आम्ही पुढें होऊन डब्यामागील पिवळी, पांढरी व तांबडी अशा तिन्ही तारा काढून पुन्हा खोंचल्या. यंत्र बिघडलें असतां तार काढून खोंचणें, हा आमच्या पिढीचा रामबाण उपाय आहे. त्याच्यापुढें आमची विद्या जात नाहीं. वाहिनी लावून पाहिली, ती खणखणीत बोलत होती. पेनड्राइव्हमध्येंच भाच्यानें भरून दिलेलें एक भजन होतें, तेंही व्यवस्थित वाजलें. चिरंजीवांनीं मग पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लाविला, आणि त्या यंत्रांतून अण्णांचा आवाज बारीकसा आला. तो त्यांनीं तत्काळ बंद केला. आजीला मोठ्या पडद्यावरच ऐकवावयाचें असा त्यांचा हट्ट होता. तेव्हां फाईलींत आवाज आहे, डब्यालाही कंठ आहे. आणि तरी दोघांची गांठ पडली कीं सारें मूक!

इतक्यांत चिरंजीव सहज बोलून गेले, "पण आजी, परवां तर तू ऐकलंस ना सगळं?"

मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. मग पदर सारखा करीत त्या म्हणाल्या, "मला वाटलं, माझेच कान गेले." आणि दिवेलागणीस पुष्कळ अवकाश असतांना त्या दिवा लावावयास आंत गेल्या.

त्या रात्रीं आम्हांला लवकर झोंप लागली नाहीं. वर्षभरांतील कितीतरी बारीकसारीक गोष्टी आठवूं लागल्या. कीर्तनास जातांना त्या अलीकडे पहिल्याच रांगेंत बसत. आम्ही तो भक्तिभाव समजलों. दूरध्वनि वाजला कीं "तूच घे रे, माझे हात ओले आहेत," असें म्हणत. आम्ही हात खरोखर ओले आहेत कीं काय तें कधीं पाहिलें नाहीं. चारचौघे हंसले कीं त्याही हंसत, परंतु जरा मागाहून. पहिल्या मजल्यावरील खिडकींतून भाजीवाल्याशीं भाव करणें हा त्यांचा अनेक वर्षांचा विनोद. तो कधीं बंद पडला तें घरांत कोणाच्याही ध्यानीं आलें नव्हतें. आणि त्या सकाळीं? चाळीस मिनिटें एक बाई आपल्या गेलेल्या नवऱ्याचे हालणारे ओंठ पाहत बसते, कांहीं ऐकूं येत नाहीं, आणि तो दोष डब्याचा असूं शकेल ही शंकाही तिला येत नाहीं. कारण स्वतःविषयींची दुसरी शंका ती कित्येक महिने मनांत घेऊन बसलेली असते. संध्याकाळीं मुलगा विचारतो, आणि ती सांगते, छान बोलले.

सोमवारीं केबलवाल्यास बोलाविलें. त्यानें रिमोट हातांत घेतला, दोन वेळां डबा बंद करून चालू केला आणि "पेनड्राइव्ह खराब आहे" असा निकाल दिला. लॅपटॉपवर आवाज येतो हें सांगतांच त्यानें निकाल फिरविला व भारी किंमतीचा डबा घ्या म्हणून सुचविलें. या मनुष्यावर आमचा राग नाहीं. तो बिचारा दिवसाला तीस घरचे डबे बंद करून चालू करतो आणि त्यांतील पंचवीस तेवढ्यानेंच सुधारतात. आमचें घर उरलेल्या पांचांतलें निघालें, इतकेंच.

शेवटीं शनिवारीं पेनड्राइव्ह सदऱ्याच्या खिशांत घालून आम्ही ठाण्यास भाच्याकडे निघालों. त्या काळीं जलद गाड्या दिवें सोडल्यावर पारसिकच्या बोगद्यांतून जात. १९१६ सालीं खुला झालेला हा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा अण्णांनीं ३४ वर्षें दिवसांतून दोनदां ओलांडला. गाडी आंत शिरली कीं चाकांचा घोष भिंतींवर आपटून परत येतो आणि डब्यांतलें संभाषण एकदम बुडून जातें. मुरलेले प्रवासी बोलणें थांबवीत नाहींत. तोंडें हालत राहतात, हातवारे चालूं राहतात, आणि उजेड आला कीं वाक्याचें शेंपूट तेवढें ऐकूं येतें. आमच्या समोर दोघे गृहस्थ असेच बोलत होते. ऐकणारा मान डोलावीत होता. त्याला काय ऐकूं येत होतें तें देव जाणे.

नौपाड्यांतील आपल्या घरीं भाच्यानें फाईल उघडली आणि दोन मिनिटांत रोग सांगितला. तो आम्हांला जसा समजला तसा सांगतों. ज्यांच्या घरीं हीच आपत्ति आली असेल त्यांना उपयोगी पडेल. व्हिडिओची फाईल ही एक वस्तु दिसत असली, तरी ती वास्तविक एक पाकीट असतें. त्यांत चित्राचा कागद निराळा आणि आवाजाचा निराळा. दोन्ही निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले. भाच्याचा कॅमेरा ज्या पद्धतीचा होता, ती दोन जपानी कंपन्यांनीं मिळून २००६ सालीं आणली. तींत चित्र ज्या लिपींत उतरतें ती डब्याला वाचतां येते, कारण पुष्कळ वाहिन्यांचें चित्रही त्याच लिपींत येतें. आवाज मात्र बहुधा डॉल्बीच्या एसी-३ या पद्धतीनें लिहिला जातो. ही पद्धत १९९२ पासून चित्रपटगृहांत रूढ झाली, मग चकत्यांवर आली, मग घरगुती कॅमेऱ्यांतही आली. ती वाचण्याची विद्या फुकट नव्हती. यंत्र बनविणाऱ्यास दर नगामागें मोबदला द्यावा लागे. वाहिन्यांसाठीं जी विद्या पुरते तेवढीच स्वस्त डब्यांत घालावी आणि एसी-३ गाळावी, हा साधा व्यापारी हिशेब होता. या पद्धतीचीं शेवटचीं पेटंटें २०१७ मध्यें संपलीं. आमची गोष्ट त्याच्या आदल्या वर्षाची.

आमच्या आजोबांचे खातेवहीचे कागद आमच्या घरीं आहेत. त्यांवरील तारखा बाळबोधींत आहेत, त्या वाचतां येतात. मजकूर मोडींत आहे, तो आम्हांला अक्षरशः मुका. डब्याचें असेंच झालें होतें. मात्र एक भेद आहे. मोडी येत नाहीं हें आम्ही विचारणाऱ्यास सांगतों. डबा सांगत नाहीं. "आवाजाचा कागद मला वाचतां येत नाहीं," एवढी एक ओळ त्यानें पडद्याच्या कोपऱ्यांत दाखविली असती, तर एका म्हातारीची ती सकाळ वांचली असती. कांहीं पेट्या अशी ओळ दाखवितातही; आमची त्यांतली नव्हती. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'ला १९१३ सालीं वाचा नव्हती; परंतु त्या काळच्या मूकपटांत निदान मधूनमधून पाट्या येत, आणि प्रेक्षकाला कोण काय म्हणालें तें कळे. पुढें १९३१ सालीं 'आलम आरा' बोलूं लागला, १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलला, आणि चित्र व आवाज यांचें लग्न कायमचें लागलें असें सर्वांनीं गृहीत धरलें. तें तसें कधींच नव्हतें. अमेरिकेंतील आरंभीच्या काहीं बोलपटांचा आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवर निराळा येई आणि सुई सरकली कीं नायिकेच्या तोंडीं नायकाचें वाक्य पडे. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'चा डीटीएस पद्धतीचा आवाजदेखील फिल्मपासून निराळ्या चकतीवर होता. एका पाकिटांत घातल्यानें दोघांचा संसार एक होत नाहीं.

लॅपटॉपवर आवाज कां आला, तेंही भाच्यानें सांगितलें. तेथें व्हीएलसी नांवाची आज्ञावली होती. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं सुरू केलेल्या उपक्रमांतून ती निघाली, आणि नाना लिप्या वाचण्याची विद्या ती स्वतःच्या पोटांतच बाळगते. ज्या नव्या पेट्यांवर अशी आज्ञावली चढवितां येते, त्यांवर तेवढें केलें तरी काम भागतें. पेटी एचडीएमआय तारेनें जोडलेली असेल, तर तिच्या मांडणींत आवाजाचें सदर पाहावें. तेथें 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास थ्रू' असें असल्यास पेटी आवाज न वाचतां तसाच टीव्हीकडे ढकलते, आणि टीव्हीलाही तो वाचतां आला नाहीं कीं सारा सुकाळ. तेथें 'पीसीएम' करावें. चित्रपटांत दोन-तीन भाषांचे आवाज असतील, तर रिमोटवरील ऑडिओच्या कळीनें दुसरा लावून पाहावा. आमच्या जुन्या डब्याला यांतलें कांहींच लागू नव्हतें. त्याच्यासाठीं आवाज दुसऱ्या लिपींत उतरवूनच द्यावयास हवा होता.

भाच्यानें एफएफएमपेग नांवाची आज्ञावली काढली. ही फाब्रीस बेलार नांवाच्या फ्रेंच गृहस्थांनीं २००० सालीं आरंभिली आणि ती कोणासही विनामूल्य मिळते. काळ्या चौकटींत त्यानें एक ओळ लिहिली. तिचा अर्थ इतकाच कीं, चित्र जसेंच्या तसें उतरव, त्याला हात लावूं नको. आवाज तेवढा एएसींत लिही. चित्र पुन्हा घोटावयाचें नसल्यामुळें चाळीस मिनिटांच्या समारंभास दोन-तीन मिनिटें पुरलीं. मूळ फाईल त्यानें खोडली नाहीं, तशीच ठेविली. ही सावधगिरी प्रत्येकानें पाळावी. "भाषण ऐकून पाहूं का?" असें आम्ही विचारलें. तो म्हणाला, "मामा, मी तेव्हां कॅमेऱ्यामागं उभा होतो. मला ठाऊक आहे. तुम्ही घरीं आजीबरोबरच ऐका."

त्याच रात्रीं जेवणानंतर डबा लाविला. प्रथम एक घोंगावणें ऐकूं आलें, मग खुर्च्या सरकल्याचा आवाज, आणि मग अण्णांचें खाकरणें. तें खाकरणें आम्ही वर्षभर ऐकलें नव्हतें, आणि ऐकलें नव्हतें हें आम्हांला तोंवर समजलेंही नव्हतें. कुटुंबानें पदर डोळ्यांस लाविला. मातोश्री ताठ बसून पडद्याकडे पाहत होत्या.

आभार वगैरे मानून झाल्यावर अण्णा म्हणाले, कीं आज आपल्याला एक कबुली द्यावयाची आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यांत मंडळींनीं आपल्या डब्यांत कारल्याची भाजी दिली. आपल्याला कारलें मुळींच आवडत नाहीं. परंतु संध्याकाळीं घरीं गेल्यावर, भाजी कशी झाली होती, असा प्रश्न आला आणि आपल्या तोंडून 'छान' असा शब्द निघून गेला. झालें! तेव्हांपासून दर गुरुवारीं कारलें. आणि एकदां छान म्हटल्यावर मागें फिरावयास जागा उरली नाहीं. ३४ वर्षें गाडींत खिडकीजवळ बसणारे आपले मित्र ती भाजी घेत आले आणि बदल्यांत आपली बटाट्याची देत आले. ते आज समोरच बसले आहेत. येथें हंशाचा तोच कल्लोळ उठला, जो आम्ही जिन्यांत ऐकला होता. कॅमेरा वळला; पहिल्या रांगेंत एक वृद्ध गृहस्थ दोन्ही हातांनीं तोंड झांकून हंसत होते. "हें घरीं कोणी सांगूं नका," अण्णा म्हणाले.

आम्ही सारे हंसलों. मातोश्री हंसल्या नाहींत. मागाहूनही हंसल्या नाहींत. त्यांनीं आमच्याकडे मान वळविली.

"तेवढं पुन्हा लाव रे. आणि आवाज वाढव. मला अलीकडे नीट ऐकूं येत नाहीं."

चिरंजीवांनीं कळ दाबून आवाज इतका वाढविला, कीं समोरच्या बिऱ्हाडाचें दार उघडलें. अण्णांनीं पुन्हा कबुली दिली, सभागृह पुन्हा हंसलें, ते गृहस्थ पुन्हा तोंड झांकून राहिले. मातोश्रींनीं सारें शेवटपर्यंत ऐकलें.

"पहिल्याच आठवड्यांत सांगायचं होतंत," त्या पडद्याला म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, "आणि परवां पानावर मी त्यांना कारलंच वाढलं कीं रे! दोनदां."